रिकिबीच्या टाइट्स ‘वाढत्या अंगाच्या’ घेऊ नका

सहकारनगरहून एका आईचं पत्र आलं आहे. धाकटी मुलगी बारा वर्षांची. रोज जिम्नॅस्टिक्सला जाते आणि आठवड्यातून दोन दिवस दोरीचा मल्लखांब करते. तिच्यासाठी दोन स्टिरप टाइट्स, म्हणजे पावलाखालून पट्टी जाणाऱ्या टाइट्स, घेतल्या. पहिल्या वाढत्या अंगाच्या म्हणून एक नंबर मोठ्या घेतल्या, तर त्या गुडघ्याशी गोळा होतात आणि पट्टी टाचेवरून सटकते. दुसऱ्या अगदी मापाच्या होत्या, पण चार-पाच महिन्यांत कमरेतून खाली यायला लागल्या आणि एका पायाची पट्टी उसवली. दुकानदार म्हणतो, कमरेचं इलॅस्टिक घट्ट करून घ्या. स्पर्धेत त्या चालतील का, हेही विचारलं आहे. थोरली मुलगी कॉलेजात आहे. ती अशाच लेगिंग्ज कुर्तीखाली, कोल्हापुरीवर घालून स्कूटरवर जाते आणि आजींना ते पायाशी फाटल्यासारखं दिसतं. शेवटचा प्रश्न असा, की घरात चार-पाच चुडीदार लेगिंग्ज पडून आहेत, त्यांच्या स्टिरप करता येतील का?

ताई, कमरेचं इलॅस्टिक मुळीच घट्ट करू नका. दोन्ही टाइट्सचा बिघाड उंचीतला आहे. कमरेशी त्याचा संबंध नाही.

स्टिरप म्हणजे आपली घोड्याची रिकीब. पावलाखालून जाणारी ही पट्टी कापड वर सरकू देत नाही, एवढंच तिचं काम. एकोणिसाव्या शतकात पुरुषांच्या विजारींना बुटाखालून असे पट्टे असत. पुढे स्कीइंगच्या विजारींनी ते उचलले. १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी ड्युपाँट कंपनीत स्पँडेक्सचा, म्हणजे आपण ज्याला सरसकट लायक्रा म्हणतो त्याचा, धागा शोधला आणि पायाला चिकटून बसणारं कापड सोपं झालं. १९८०च्या दशकात ही विजार सगळीकडे दिसत होती, आता पुन्हा आली आहे.

आपल्याकडच्या चुडीदारशी ताडून पाहिलं की हा कपडा चटकन कळतो. चुडीदारमध्ये पायापेक्षा जास्त कापड दिलेलं असतं. ते घोट्याशी चुण्या होऊन बसतं आणि गुडघा वाकवला की त्या चुण्यांतून लागेल तेवढं वर जातं. म्हणून चुडीदार दोन-चार सेंटिमीटर लांब झाला तरी काही बिघडत नाही. स्टिरपमध्ये अशी शिल्लक कुठेच नसते. कापड कमर आणि तळवा अशा दोन टोकांना अडकलेलं असतं, आणि मधली सगळी हालचाल त्याच्या ताणातूनच भागवावी लागते. मुलगी उकिडवी बसते तेव्हा गुडघ्यावरून आणि नितंबांवरून जाणारं अंतर वाढतं. कापडात तेवढा ताण उरला नसेल, तर दोन टोकांपैकी जे कमजोर ते हार मानतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या टाइट्सची आधी कमर खाली आली आणि मग पट्टी उसवली. दोन्हींचं कारण एकच. इलॅस्टिक घट्ट केलंत तर पोटावर वळ उठतील आणि सगळा ओढा उरलेल्या पट्टीवर जाईल, मग तीही उसवेल.

मापाच्या घेतलेल्या टाइट्स इतक्या लवकर आखूड कशा झाल्या? कारण मुलगी उंच झाली. या वयात मुली वर्षाला ६ ते ८ सेंटिमीटर सहज वाढतात आणि त्यातली बरीच वाढ पायांत असते. फ्रॉकला त्याने फरक पडत नाही, पण स्टिरपला दोन सेंटिमीटरही कळतात. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो ते योग्यच. इथे मात्र ती सवय सोडावी लागते. जास्तीचं कापड गुडघ्यामागे वळ्या करतं, त्या वळ्या कातडी घासतात, आणि सैल पट्टी टाचेवरून निसटून पायाखाली येते. उडी मारून खाली उतरताना असं झालं तर मुलगी पडू शकते. तेव्हा एका वेळी दोनच जोड्या घ्या, आजच्या मापाच्या, आणि दर तीन महिन्यांनी माप पुन्हा तपासा.

माप असं घ्या. मुलीला अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा. टेप कमरेच्या ज्या रेषेवर टाइट्सचा पट्टा बसणार आहे तिथे धरा आणि बाजूने सरळ जमिनीपर्यंत न्या. समजा, हे अंतर ९२ सेंटिमीटर आलं. आता टाइट्स टेबलावर न ताणता पसरा आणि कमरेच्या वरच्या काठापासून पट्टीच्या खालच्या काठापर्यंत मोजा. १८ ते २० टक्के स्पँडेक्स असलेलं नायलॉनचं कापड असेल, तर हे अंतर शरीराच्या मापापेक्षा ६ ते ८ टक्के कमी हवं. म्हणजे ८५ ते ८६ सेंटिमीटर. सुती लायक्रा, म्हणजे ९५ टक्के सूत आणि ५ टक्के स्पँडेक्स असेल, तर २ ते ३ टक्केच कमी, म्हणजे ८९-९०. पाकिटावरच्या ‘एस’, ‘एम’ किंवा ‘१० ते १२ वर्षे’ या खुणांवर विसंबू नका. त्या बहुतेक घेरावरून दिलेल्या असतात, आणि सडपातळ, उंच मुलीची नेमकी तिथेच फसगत होते.

घालून पाहताना नुसतं आरशासमोर उभं राहू देऊ नका. तिला पूर्ण उकिडवं बसायला सांगा, मग एक पाय समोर कमरेइतका उचलायला, मग चवड्यांवर उभं राहायला. उकिडवं बसल्यावर कमर दोन बोटांपेक्षा जास्त खाली येता कामा नये. चवड्यांवर उभी राहिली तर पट्टी जागची हलता कामा नये. पट्टीची जागा म्हणजे तळव्याची कमान, टाचेच्या गादीच्या लगेच पुढे. टाचेवर बसली तर चालताना ती गोळा होऊन दोरीसारखी वळते. चवड्याकडे गेली तर पाऊल ताणता येत नाही. वीस मिनिटं घालून काढल्यावर तळव्यावर पुसटशी खूण दिसली तर ठीक. अर्ध्या तासानंतरही खोल वळ राहिला, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर त्या टाइट्स आखूड आहेत. पाय सपाट असेल, कमान भरलेली असेल, तर ३ ते ४ सेंटिमीटर रुंद, पातळ पट्टीच घ्या. एक सेंटिमीटरचं गोल इलॅस्टिक अशा पायाला रुततं.

घेताना पट्टी उलटी करून पाहा, शिलाई कुठे आहे ते. ती पावलाच्या बाजूला हवी. तळव्याखाली जोड आला, तर अंगाचं सगळं वजन त्या गाठीवर येतं. पायाचं कापडच पुढे वाढवून, टाचेला भोक ठेवून केलेली पट्टी सगळ्यांत टिकाऊ, कारण तिला जोडच नसतो.

आता सरावाचं. जिम्नॅस्टिक्समध्ये ही पट्टी नवीन नाही. पुरुष खेळाडू पॉमेल हॉर्स, रिंग्ज, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बारवर लांब विजार घालतात. तिला पावलाखालून पट्टी असते आणि वर मोजे असतात, त्यामुळे पायाची रेघ कमरेपासून बोटांपर्यंत अखंड दिसते. मुलींनीही पाय झाकले तर नियमाची आडकाठी नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंतच्या पोशाखात उतरल्या, त्या नियमातच होत्या. तरी तुमच्या मुलीच्या स्पर्धेचं परिपत्रक वाचा आणि प्रशिक्षकांना रंग आणि पट्टी दोन्ही दाखवून घ्या. स्पर्धेच्या सकाळी त्यावरून घोळ नको.

फ्लोअरच्या सरावाला आणि स्ट्रेचिंगला या टाइट्स उत्तम. बॅलन्स बीमवर मात्र जरा जपा. बीम फक्त १० सेंटिमीटर रुंद, आणि पकड अनवाणी तळव्याची. चकचकीत नायलॉनची पट्टी नेमकी मध्ये येते. बीमची पाळी आली की पट्टी टाचेवरून काढून घोट्यावर दुमडून घ्यायची. दहा सेकंदांचं काम आहे आणि पाऊल मोकळं होतं.

दोरीच्या मल्लखांबाला त्या अजिबात नकोत. इथे आम्ही कुठलीही सवलत सुचवणार नाही. दोरी अंगठा आणि शेजारच्या बोटात धरली जाते, मग पोटरीला, मांडीला वेढा पडतो, आणि तो वेढा कातडीवरच धरतो. मध्ये गुळगुळीत नायलॉन आलं तर वेढा सरकतो, आणि मुलगी जमिनीपासून उंच असते. शिवाय भराभर खाली सरकताना घर्षणाने कृत्रिम धागा तापतो. त्याने कापडावर चकाकणारे चट्टे पडतात आणि कातडी भाजू शकते. दोरीने पोटऱ्या सोलवटतात म्हणून तिला टाइट्स हव्या असतील तर तिचं दुखणं खरं आहे. त्यासाठी प्रशिक्षकांशी बोला. सहसा वेढ्याची जागा किंवा उतरण्याची पद्धत सुधारली की ते कमी होतं. अंग गरम करेपर्यंत टाइट्स घालाव्यात, दोरीला हात लावण्याआधी काढून ठेवाव्यात. आणि शेजारी पुरलेला मल्लखांब असेल तर बसायची जागा बघून बसा, त्याला एरंडेल लावलेलं असतं. एरंडेलाचा डाग नायलॉनमधून सहजी निघत नाही.

थोरलीच्या स्टिरप लेगिंग्जबद्दल. आजींना ते फाटल्यासारखं दिसतं याला कारण आहे. गडद लेगिंग, गोरी टाच आणि उघडी चप्पल असली, की डोळ्याला मध्येच तुटलेला पाय दिसतो. पादत्राण त्याच रंगाचं घेतलं की तो तुकडा जाणवत नाही. काळ्या लेगिंगवर काळी मोजडी चांगली दिसते, तिने टाच झाकली जाते. कुर्ती गुडघ्याच्या खाली चार बोटं आणि सरळ कटाची असावी. घेरदार अनारकलीखाली पट्टी दिसतच नाही, मग तिचा उपयोग काय?

कोल्हापुरीत एक अडचण येते. तिचा तळ चामड्याचा, वापरून गुळगुळीत झालेला. त्यावर नायलॉनची पट्टी घसरते, पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्यावर ताण येतो. सुती पट्टी असली तर निभतं. पट्टी चपलेच्या तळाखालून बाहेर घ्यायची पद्धत काही जणी वापरतात, फोटोत ती छान दिसते. रस्त्यावर ती आठवडाभरही टिकत नाही आणि पावसाळ्यात पहिल्याच दिवशी चिखलाने भरते. स्कूटरवर तर ती धोक्याचीच. बाहेर आलेली पट्टी साइड स्टँडच्या टोकात अडकू शकते, आणि सिग्नलला पाय टेकवायच्या क्षणी पाय सुटला नाही तर गाडी अंगावर येते. तिला एवढं जरूर सांगा, की स्कूटरवर पट्टी पावलाला चिकटून, बुटाच्या आत.

मैत्रिणींबरोबर सिंहगड चढायचा असेल तर साध्या लेगिंग्ज घालाव्यात. उतरताना पाऊल बुटात पुढे घसरतं, पट्टी वळून दोरी होते आणि गाडीतळापर्यंत तळव्याला फोड येतो. तरीही घालायच्याच असतील तर पट्टी कातडीला लागून आणि मोजा तिच्यावरून, उलटं नको. मोजा पट्टीला सपाट धरून ठेवतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाने आम्हाला खरा आनंद झाला, कारण चुडीदार लेगिंग ही स्टिरप करायला फारच सोयीची. घोट्यापाशी चुण्यांसाठी दिलेली १२-१५ सेंटिमीटर जास्तीची लांबी आयती मिळते. आधी कापड जिवंत आहे का ते पाहा. मांडीच्या जागी १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा, त्या १५पर्यंत ताणा आणि सोडा. पुन्हा १०वर आल्या तर स्पँडेक्स ठीक. साडेदहावर थांबल्या, किंवा ताणल्यावर मधून पांढरे तुटके धागे दिसले, तर त्या लेगिंगचं फडकं करा.

लेगिंग घालून, चुण्या पूर्ण मोडून, काठ पावलावर पुढे ओढा. तो बोटांच्या मुळाच्या अलीकडे, पावलाच्या मध्याच्या थोडा पुढे यायला हवा. उभं राहून, भार देऊन, खडूने टाचेभोवती गोल काढा. तो साधारण ७ सेंटिमीटरचा येईल. आता लेगिंग काढा आणि त्या गोलाच्या मध्यावर फक्त ४ सेंटिमीटरचं लंबगोल भोक कापा. हात इथेच आवरायचा. विणीचं कापड सगळीकडे ताणलं जातं, ४चं भोक टाचेवर ७चं होतं. गोलावरच कात्री चालवलीत तर घातल्यावर टाचेसकट अर्धा तळवा उघडा पडेल आणि तो दुरुस्त करता येत नाही. घालून पाहा, कमी वाटलं तर अर्धा-अर्धा सेंटिमीटर वाढवा. खाली उरेल ती पाच-सहा सेंटिमीटर रुंद पट्टी.

कापलेला काठ तसाच ठेवू नका, एक धागा तुटला की शिडी वर चढत जाते. त्याला दुमडायचं इलॅस्टिक किंवा रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या ताणणाऱ्या विणीची, अरुंद पट्टी लावा. दोन्ही पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत मीटरवर मिळतात. ही पट्टी भोकाच्या परिघापेक्षा साधारण दहा टक्के कमी घ्या आणि शिवताना हलकी ताणून बसवा, म्हणजे काठ लाटांसारखा पसरत नाही. मशीनला बॉल पॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई, ७५ किंवा ९० नंबरची, आणि पॉलिस्टरचा दोरा. साध्या सुईने विणीचे धागे तुटतात आणि टाके सुटतात. टीप झिगझॅग, रुंदी ३, लांबी दीड. सरळ टीप अजिबात मारू नका. कापड ताणलं जातं, सरळ टीप ताणली जात नाही, मग दोराच तुटतो. तुमची उसवलेली पट्टी बारकाईने पाहा. कापड शाबूत आणि नुसते दोऱ्याचे तुकडे लोंबत असतील, तर तीही सरळ टिपेचीच असणार.

या घरच्या स्टिरप थोरलीला कॉलेजला आणि धाकटीला घरी स्ट्रेचिंगला चालतील. सुती कापड घाम धरून ठेवतं, भिजल्यावर जड होऊन लोंबतं आणि ५ टक्के स्पँडेक्सला ते सावरत नाही. तासाभराच्या सरावाला नायलॉनच्याच हव्यात.

धुण्याचं थोडक्यात. टॉप लोडच्या मशीनमध्ये पट्ट्या मधल्या दांड्याला गुंडाळतात आणि पाण्यासकट सगळं वजन त्यांच्यावर लटकतं. बऱ्याच पट्ट्या पायात नव्हे, मशीनमध्ये उसवतात. जाळीच्या पिशवीत, उलट्या करून, गार पाण्यात धुवा. क्लोरीनचं ब्लीच स्पँडेक्स खातं, फॅब्रिक सॉफ्टनरही नको. वाळत घालताना कमरेकडून टांगा, सावलीत. इस्त्री नको. पावसाळ्यात टाइट्सचे पाय वाळले तरी पट्टी ओलीच राहते, कारण तिथे कापडाचे थर असतात. पट्टी चिमटीत दाबून बघा, गार लागली तर अजून ओली आहे. ओली पट्टी तळव्याला दोन तास घासली की कातडी पांढरी पडते आणि खाज सुटते.

आता हातात असलेल्या दोन जोड्या. मोठ्या टाइट्स ठेवून द्या, पण ‘पुढच्या वर्षी’ असं ठरवू नका. त्यांची कमर ते पट्टी लांबी आजच मोजून कमरेच्या आत कापडी चिठ्ठीवर लिहून टाका, आणि मुलीचं माप जवळ आलं की काढा. उसवलेल्या टाइट्सची पट्टी पुन्हा लावू नका, त्या आता तिला आखूडच आहेत. दुसऱ्या पायाची पट्टीही काढा, घोट्याच्या वर दोन बोटं कापा, काठ झिगझॅगने मुडपून घ्या. मल्लखांबाच्या दिवशी अंग गरम करताना घालायला त्या बऱ्या पडतील, घोट्याशी काही अडकत नसल्यामुळे दोरीच्या आधी काढायलाही सोप्या.